क्रमांक, नाव आणि बाकी

माझ्या पहिल्या नोकरीत एक सर होते. माहिती साठवायला संगणकात जी टेबलं बनवतात, त्यातली सरांनी बनवलेली जेवढी मी पाहिली, त्या प्रत्येकाला तीनच रकाने होते: क्रमांक, नाव आणि बाकी. गिऱ्हाईक दातांचा दवाखाना असो, मंगल कार्यालय असो की शिकवणी वर्ग असो, क्रमांक, नाव आणि बाकी. पेशंटची कोणत्या बाजूची दाढ काढली हे डॉक्टरांना पाहायचं असेल तर ती दाढही 'बाकी'त.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना माझा संताप कळावा म्हणून थोडं सांगते. रीत अशी असते की प्रत्येक माणसाची एक ओळ आणि प्रत्येक माहितीला तिचा स्वतःचा रकाना. फोनला फोनचा, गावाला गावाचा, जन्मतारखेला जन्मतारखेचा. मग 'हुडकेश्वरचे सगळे दाखव' म्हटलं की संगणक निमूट दाखवतो. हल्ली एक सोय निघाली आहे. एखाद्या रकान्यात 'जेसन' नावाच्या पद्धतीनं मोकळा मजकूर ठेवता येतो. महिरपी कंस, आत माहितीचं नाव, मग दोन टिंबं, मग माहिती, स्वल्पविराम, की पुढचं नाव. या नावांवर कोणाचं बंधन नसतं. ज्याला जे सुचेल ते नाव द्यावं. शहाणी माणसं ही सोय अडीअडचणीला वापरतात. आमच्या सरांनी तिच्यात संसारच थाटला होता.

आमचं ऑफिस नंदनवन नावाच्या वस्तीत होतं. खाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान, वर आम्ही. मी मुलाखतीला गेले तेव्हा मालक समोर बसले होते आणि सर खिडकीत उभे राहून पेरू खात होते. मालकांनी कॉलेजचं, मार्कांचं विचारलं. सरांनी एकच प्रश्न विचारला.

"कपाटात कपडे कसे ठेवते वं?"

मी म्हटलं, "घरातले वेगळे, बाहेरचे वेगळे, हिवाळ्याचे वरच्या खणात."

सरांनी पेरूचा देठ खिडकीबाहेर टाकला. मालकांना म्हणाले, "घेऊन घ्या हिले. पन मले त्रास देईन, आत्ताच सांगतो." मी रुजू झाले. पुढची तीन वर्षं कोणी कोणाला त्रास दिला, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

सरांचा जेवणाचा डबा म्हणजे एक मोठं स्टीलचं भांडं. त्यात तळाशी भात, त्यावर वरण, त्यावर वांग्याची भाजी, कडेला ठेचा, आणि घरी काही गोड असलं तर तेही त्यातच. घरून वेगवेगळे डबे मिळतच असतील, पण ऑफिसात येईपर्यंत सर त्यांचं एकत्रीकरण करत. मी एकदा न राहवून तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "पोटात कोनते खाने हाय वं?" आणि शिरा लागलेलं वांगं चवीनं खाल्लं.

एक कापडी पिशवी सदैव खांद्याला. सीताबर्डीला कुठल्या तरी साड्यांच्या दुकानात फुकट मिळालेली. तिच्यात चार्जर, लिंबं, भर मे महिन्यात मफलर, विजेचं बिल आणि कुठल्या कुलुपाच्या हे त्यांनाही ठाऊक नसलेल्या किल्ल्या. पेन हवं असलं की सर ती पिशवी उलटी करत. स्वतःच्या टेबलावर जागा नसे, म्हणून माझ्या टेबलावर. पेन मिळालं की बाकीचं तसंच ठेवून निघून जात आणि लिंबं घरंगळत माझ्या की-बोर्डखाली जात. मी ती उचलून परत पिशवीत भरायची, रोज.

त्यांच्या फोनमध्येही लोकांची नुसती नावं नव्हती. 'टाकीवाला पण चांगला माणूस', 'उधारी विचारू नये', 'लग्नात रडला होता तो'. एकदा त्यांच्या फोनवरून मला फोन लावायचा होता म्हणून मी माझं नाव शोधलं. सापडलं नाही. नंबर टाकला तेव्हा वर आलं, 'चिडते'. चिडत तर होतेच.

या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते रोज किमान एकदा ऐकावं लागे. "खाना केला का माणूस कापा लागते. खाना केवढा, माणूस केवढा! जे बसत नाही ते कापून फेकता तुम्ही लोक." मी म्हणायची, सर, माणूस नाही कापत, फोन नंबर ठेवतो. त्यावर ते माझ्याकडे अशा किवेनं बघत की मला वाटे राजीनामा द्यावा आणि सरळ खाली बॅटऱ्या विकाव्यात.

आमच्या गिऱ्हाइकांत एक वधूवर सूचक मंडळ होतं. ऑफिसच्या मागच्याच गल्लीत एक काकू ते आपल्या घरच्या पुढच्या खोलीतून चालवायच्या. रविवारी उमेदवार आणि त्यांचे आईबाप यायचे, नाव नोंदवायचे. दुसऱ्या कुठल्याही मंडळात अर्ज भरून घेतात. इथे सर बसत. रविवारी त्यांना दुसरा उद्योग नव्हता आणि आपल्या 'बाकी'त दुसऱ्या कोणी टाइप केलेलं त्यांना खपत नसे. समोरच्याला अर्ज न देता ते म्हणत, "बोला." तो बोलायचा आणि सर दोन बोटांनी टाइप करायचे. "फॉर्मवर माणूस सही करते, बोलत नाही," हे त्यांचं म्हणणं.

इथवर ठीक होतं. पण माहितीला नाव द्यायचं ते सर त्या माणसाच्या बोलण्यावरून द्यायचे. एकाची अपेक्षा 'अपेक्षा' या नावाखाली, दुसऱ्याची 'म्हणणं' नावाखाली, तिसऱ्या मुलीची 'आईचं म्हणणं' आणि लगेच खाली 'तिचं म्हणणं'. फोन कुठे 'फोन', कुठे 'मोबाईल', कुठे 'संध्याकाळी सहानंतर'. वयासमोर कुठे आकडा, कुठे अक्षरात, आणि एका गृहस्थांच्या वयासमोर 'दिसत नाही' एवढंच. एका मुलीची उंची होती, 'बापाएवढी'. बापाची उंची शोधायला मी अख्खी ओळ पालथी घातली, ती नव्हती.

तर काकूंनी ठरवलं की या वर्षी परिचय मेळावा घ्यायचा आणि त्यात रीतसर पुस्तिका छापायची. एका पानावर चार उमेदवार, फोटोसकट. वय, उंची, शिक्षण, नोकरी, अपत्य, अट. मालकांनी हे काम घेतलं आणि माझ्या गळ्यात घातलं. म्हणजे त्या 'बाकी'तून एकेक गोष्ट उपसून तिच्या तिच्या रकान्यात बसवायची.

जेसनमधून माहिती काढायची पद्धत सोपी आहे. तुम्ही नाव सांगायचं, ते त्या नावासमोरची माहिती काढून देतं. पण त्याची एक खोड आहे. तुम्ही सांगितलेलं नाव त्या ओळीत नसलं तर ते भांडत नाही, 'बाई, असं काही इथे नाही' म्हणत नाही. ते गुपचूप रिकामं हातात ठेवतं. माणसानं काही सांगितलंच नाही म्हणून रिकामं, की दुसऱ्या नावाखाली सांगितलं म्हणून रिकामं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. दोन्ही रिकामं सारखंच दिसतं.

म्हणून मी आधी त्या रकान्यात सरांनी किती नावं वापरली आहेत ती सगळी काढली, कागदावर छापली आणि जेवणाच्या सुट्टीत सरांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "सर, यातल्या कोणकोणत्या नावाखाली अटी आहेत, तेवढ्यावर खूण करा."

"ज्यात अट हाय त्याच्यावर," सर म्हणाले आणि भातात बोटं घातली.

"तेच विचारून राहिली ना मी! कोणत्या?"

डाव्या हातानं त्यांनी खुणा केल्या. 'अट', 'अटी', 'चालणार नाही', 'जमलं तर पाहा', आणि एक वरणाचा डाग, जो खूण होता की डाग हे मला पुन्हा विचारावं लागलं. खालच्या बाजूला 'आधीच सांगते' असं एक नाव दिसलं. मी बोट ठेवून विचारलं, "हे? ही अट नाही का?"

"नाही वं. ते अट नाही होय. ते सांगनं हाय."

"फरक काय?"

"अट म्हनजे वाटाघाट. मान्य नाही झाली तं माणूस थोडं इकडंतिकडं सरकते. आधीच सांगते म्हनजे सरकायचा सवालच नाही." एवढं बोलून त्यांनी कागदाला हात पुसला.

मी मालकांकडे गेले, म्हटलं सर नीट सांगत नाहीत, जिथे अट रिकामी येते तिथे आपण रिकामंच छापू. मालक म्हणाले, रिकामं बरं दिसत नाही. काकूही फोनवर म्हणाल्या की पुस्तिकेत भोकं दिसायला नकोत, लोक म्हणतील अर्धवट छापली. मी दोघांना सांगितलं की रिकामं म्हणजे नाही असं नसतं. मालकांनी शांतपणे विचारलं, "मंग काय असते?" मी समजावायला सुरुवात केली आणि त्यांचा फोन वाजला. पुस्तिका छापून आली. जिथे जिथे रिकामं होतं तिथे तिथे ठसठशीत छापलं होतं, 'अट: नाही'.

मेळावा झाला. काकू खूश, मालक खूश. सरांनी पुस्तिका उघडूनही पाहिली नाही, तिच्यावर चहाचा कप ठेवला.

दिवाळीनंतर एके दुपारी काकू ऑफिसात आल्या, सोबत वैशालीताई. वैशालीताई नंदनवनातच राहायच्या, एका शाळेत शिकवायच्या. नवरा अपघातात गेला होता, पदरात एक मुलगी. मेळाव्यातून त्यांना हुडकेश्वरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी कचेरीत, पहिली बायको आजारात गेलेली, मूलबाळ नाही. येणंजाणं झालं, पसंती झाली, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस धरला. आणि परवा साड्यांचं बोलायला बसले असताना मुलाच्या बाबांनी सहज विचारलं, "पोरगी तं आजीजवळच राहीन न?"

वैशालीताई म्हणाल्या, माझी मुलगी माझ्यासोबत येणार, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. बाबांनी आतून पुस्तिका आणली, त्यांचं पान काढलं आणि बोट ठेवलं. अपत्य: एक मुलगी. अट: नाही.

"सगळ्यांसमोर म्हणाले, लग्न ठरेपर्यंत लपवून ठेवलं," वैशालीताई सांगत होत्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यांची भाची आमच्याच शाळेत शिकवते. काल स्टाफरूममध्ये मी गेले तर बोलणं थांबलं. लग्न मोडलं तर मोडू द्या, मला त्याचं दुःख नाही. आहे, पण ते माझं मी पाहीन. मी खोटी नाही एवढं मला करून द्या. मी याच्यासमोर बसून सांगितलं होतं." 'याच्यासमोर' म्हणताना त्यांनी सरांकडे बोट केलं.

मला वाटलं आता तरी सर खाली मान घालतील. सर म्हणाले, "सांगतलं होतं न! मी लिहून ठेवलं हाय. शब्द न् शब्द."

"मग पुस्तकात का नाही?" काकू ओरडल्या.

"पुस्तक मी बनवलं का? खान्याचं काम हिचं." आणि माझ्याकडे हात केला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरणाचा डाग असलेला तो कागद मी खणातून काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. 'आधीच सांगते', खूण नाही. सरांनी तो पाहिला. मग एवढंच म्हणाले, "होय. हे मीच म्हटलं होतं." त्यांच्या तोंडून अशी कबुली मी त्याआधी ऐकली नव्हती, पण त्या क्षणी तिचं कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

"चाल," ते उठले. "हुडकेश्वरले जाऊ."

शनिवारी गेलो. वैशालीताई आल्या नाहीत. भीक मागायला येणार नाही म्हणाल्या. काकूंनी फोन करून ठेवला होता. सरांच्या मोपेडवर मी मागे, मांडीवर लॅपटॉप, खांद्याला त्यांची पिशवी. वाटेत मी बजावलं की सर, तुम्ही फार बोलू नका, फक्त दाखवायचं आणि निघायचं. ते म्हणाले, "मी कधी बोलतो?"

नवीन बांधलेलं घर, पुढे तुळस, अंगणात चारचाकी. बाबा दिवाणावर बसले होते. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती आणि बोलण्यात बागाईतदाराचा ठसका होता. मुलगा खुर्चीवर, चाळिशीकडे झुकलेला, शांत. त्याची आई दारात उभी. कोणी पाणी विचारलं नाही, यावरून काय ते मी ओळखलं.

"आम्ही काही वाईट लोक नाही," बाबांनीच सुरू केलं. "पन लपवाछपवी आमच्या घरात चालत नाही. आज पोरगी संग येनार हे लपवलं, उद्या काय लपवन?"

"लपवलं नाही, तेच दाखवाले आलो," सर म्हणाले आणि लॅपटॉप उघडून दिवाणावर ठेवला.

आणि पडद्यावर काय आलं? एक अखंड लांबलचक ओळ, कंस, टिंबं, आणि मराठी अक्षरांच्या जागी उलट्या रेघा, u आणि आकडे. जेसनात मराठी पुष्कळदा अशीच सांकेतिक रूपात साठवली जाते, बाहेर काढली की वाचता येते. सरांनी बाहेर न काढताच दाखवली होती. बाबांनी डोळे बारीक केले.

"हे काय मोडी हाय का?"

"नाही नाही, हेच तिचं बोलनं हाय."

"हे? हे बाई असं बोलली?"

मी लॅपटॉप हिसकावूनच घेतला. वैशालीताईंची ओळ धरली, नाव टाकलं 'आधीच सांगते' आणि मागितलं. या वेळी रिकामं आलं नाही. मी बाबांसमोर धरणार तोच सरांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"माझी मुलगी माझ्यासोबत येईल. तिला वेगळी खोली नसली तरी चालेल. माझ्या पगारात तिचं शिक्षण मी करीन. पण त्या घरात तिला कोणी, तू कोणाची, असं विचारायचं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणू नये."

मी तारीख दाखवली, नोंद पुस्तिकेच्या कितीतरी आधीची होती. पुस्तिकेत 'नाही' कसं छापलं गेलं तेही सांगितलं, रिकाम्याचा घोटाळा, आमचा, तिचा नाही. बाबांनी दोनदा मान हलवली. माणूस कडक होता, पण पाहिलेलं नाकारणारा नव्हता.

"बाई खोटी नाही," ते म्हणाले. "मी चुकीचं बोललो. तिच्या शाळेत मी स्वतः फोन करून भाचीले सांगीन. ते माह्याकडं लागलं." मग थोडं थांबून, "पन पोरीचं आम्हाले जमनार नाही. लोकाची पोरगी घरात वाढवा, अन् उद्या मोठी झाल्यावर तिनं म्हनावं, तुम्ही कोन. आमच्या पोरालेही ते नको हाय. त्याच्या मनासारखं झालं पाह्यजे."

आम्ही ज्यासाठी आलो होतो ते झालं होतं. वैशालीताईंचा शब्द खरा ठरला होता. मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. सरांनी माझा हात बाजूला सारला.

"पोराच्या मनासारखं म्हनता? थांबा, त्याचीही ओळ हाय."

मुलाची नोंदही त्याच काकूंकडे झाली होती, बाबा सोबत असताना. सरांनी त्याची ओळ उघडली. या वेळी काय मागायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं, त्यांनी नाव टाइप केलं आणि ते नाव पाहून मी खालून त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. सरांनी पाय मागे घेतला आणि ते नावही मोठ्यानं वाचलं.

"बाबा बाहेर गेल्यावर."

मुलगा खुर्चीत ताठ झाला.

"मी कुठी बाहेर गेलो?" बाबा म्हणाले.

"गाडी हलवाले. काकूच्या दारात आडवी लावली होती तुम्ही, दूधवाला बोंबलत होता." आणि सरांनी पुढचं वाचलं, "बायको एकटीच यावी असं बाबांना वाटतं. मला तसं नाही. मूल असलं तर बरंच. आमच्या घरात टीव्हीशिवाय कोणाचा आवाज नसतो."

या एका गोष्टीवरून माझं आणि सरांचं पुढे कितीतरी दिवस भांडण चाललं आणि माझ्यापुरतं ते अजून मिटलेलं नाही. त्या माणसानं बाप बाहेर गेल्यावर, आवाज खाली करून जे सांगितलं, ते त्याच बापासमोर वाचून दाखवायचं! मी म्हणते हा विश्वासघात होता. सर म्हणतात, "त्यानं लिहून घ्या म्हटलं होतं. लिहायचं कायले, वाचाले न!" पण त्या वेळी मला भूमीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं होतं.

बाबांनी मुलाकडे पाहिलं. "म्हटलं होतं का तू असं?"

मुलाचे कान लाल झाले होते. तो म्हणाला, "हो. म्हटलं होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही, बाबा. तुम्हीच सांगत होते सगळं."

दारातून त्याची आई एक पाऊल आत आली. बाबांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"काय नाव हाय पोरीचं?" त्यांनी विचारलं.

सर घाईनं वैशालीताईंच्या ओळीवर गेले. वरखाली केलं, पुन्हा केलं. शब्द न् शब्द टिपणाऱ्या आमच्या सरांनी मुलीचं नावच विचारलं नव्हतं. पुस्तिकेतही 'एक मुलगी' एवढंच. मी सरांकडे असं पाहिलं की बस.

"ओवी," मुलगा म्हणाला. "तिसरीत हाय. पोहे खात नाही, त्यातले शेंगदाने तेवढे वेचून खाते."

कांदेपोह्यांच्या त्या दिवशी बाकीची मंडळी हुंडा नको, मानपान नको करत असताना हा त्या मुलीकडे लक्ष देऊन बसला होता.

सरांनी लॅपटॉप मांडीवर ओढला आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले. मी वाकून पाहिलं. वैशालीताईंच्या नव्हे, मुलाच्या ओळीत ते एक नवीन नाव घालत होते. 'नात'. दोन टिंबं. 'ओवी'.

"सर!" मी दातओठ खात म्हटलं. "अजून काही ठरलं नाही हो!"

सरांनी लॅपटॉप उचलला आणि सरळ बाबांच्या मांडीवर ठेवला. "पाहून घ्या, बराबर हाय का. चुकलं असन तं आत्ताच खोडतो. मागून म्हनू नका का विचारलं नाही."

बाबांनी खिशातला चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. पडदा त्यांनी जवळ घेतला, मग लांब धरला. सरांचं बोट खोडायच्या बटणावर तयार होतं.

"तिसरीत हाय म्हनते?" लॅपटॉपवरून नजर न काढता बाबांनी मुलाला विचारलं. "मंग शाळा इकडंच पाहा लागन. एवढ्याशा पोरीले रोज इथून नंदनवनले कोन पाठवते?"